मॉरिस मायनर, जाऊन-येऊन ६२० किलोमीटर: प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

ठरलं एकदाचं. व्हिंटेज कार शो ८ फेब्रुवारीला, अंतर एका बाजूने ३१० किलोमीटर, मध्ये एक घाट. गाडी १९५८ची मॉरिस मायनर १०००. इंजिन ९४८ सीसी, ताकद नवी असताना ३७ अश्वशक्ती. आता त्यातले किती घोडे जिवंत आहेत ते घाटातच कळेल. गेली सात वर्षं ही गाडी घरापासून वीस किलोमीटरच्या पलीकडे गेलेली नाही.

वकील म्हणाला ट्रेलरवर टाकू, निवांत पोहोचू. त्यावर मास्तर म्हणाले, "मग गाडी तरी कशाला नेता? फोटो पाठवा." विषय तिथेच संपला. मायनरमध्ये मी आणि मास्तर, मागून वकिलाची नवी गाडी, त्यात तो आणि त्याची धाकटी बहीण (पुढे नुसतं धाकटी), सामान आणि हत्यारं.

भीती कशाकशाची आहे ते आजच लिहून ठेवतो, म्हणजे नंतर पडताळता येईल. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून ऑइल ठिबकतं. पहिला गिअर रडतो. रेडिएटर मूळचाच आहे. आणि पुढच्या चाकांचे ट्रनियन.

१० जानेवारी

दिवसभर गाडीखाली.

आधी ट्रनियन. मायनरच्या पुढच्या चाकाचा उभा दांडा खाली आटे असलेल्या एका तुकड्यात बसतो. स्टिअरिंग वळवलं की दांडा त्या आट्यांत फिरतो, म्हणजे हा सांधा सतत स्क्रूसारखा थोडा आत, थोडा बाहेर होत असतो. ग्रीस मिळालं तर वर्षानुवर्षं टिकतो. नाही मिळालं तर आटे झिजतात आणि एक दिवस दांडा सुटून चाक आडवं पडतं. रस्त्याच्या कडेला एक चाक मुडपून बसलेली मायनर हे मायनरवाल्यांच्या जुन्या फोटोंतलं नेहमीचं दृश्य. चाकं उचलून, वजन काढून, जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारला. पहारीने हलवून पाहिलं, खेळ नाही. देवाची कृपा आणि आधीच्या मालकाची शिस्त.

मग ऑइलची गळती. धाकटी म्हणाली सील बदलून टाकू. सील असलं तर बदलू! या इंजिनात क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला रबरी सील नाहीच. शाफ्टवर आट्यांसारखी खाच कापलेली आहे. शाफ्ट फिरतो तेव्हा ती खाच ऑइल मागे, इंजिनकडे ढकलते. इंजिन थांबलं की ढकलणारं कुणी नाही, मग दोन-चार थेंब पडतात. खाली पुठ्ठा ठेवून मोजले: रात्रभरात अकरा. हात लावायचा नाही असं ठरलं.

१२ जानेवारी

टायर. नक्षी जवळजवळ नवी, म्हणून मी खूश होतो. धाकटीने टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. टायर २००९चे. रबर झिजण्याआधी म्हातारं झालेलं. टॉर्च मारल्यावर बारीक भेगाही दिसल्या. पाचही बदलायचे, स्टेपनीसकट.

१४ जानेवारी

शोचा अर्ज भरला. वर्गाच्या रकान्यात वकिलाने बिनधास्त 'व्हिंटेज' लिहिलं होतं, ते खोडावं लागलं. जुनी म्हणजे व्हिंटेज असं आपण सरसकट म्हणतो. पण जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे फिवाच्या, वर्गवारीत १९०४पर्यंतच्या गाड्या पूर्वज, १९०५ ते १९१८ व्हेटरन, १९१९ ते १९३० व्हिंटेज, मग १९४५पर्यंत उत्तर-व्हिंटेज, आणि त्यानंतर १९४६ ते १९६० हा वेगळा गट. आमची त्या शेवटच्या गटात, तीही काठावर. मास्तर म्हणाले, "म्हणजे व्हिंटेज शोमध्ये आपण पोरसवदा."

१८ जानेवारी

पेट्रोलचे पाइप. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि जुन्या रबराशी त्याचं जमत नाही. रबर मऊ पडतं, मग तडकतं, त्याचे काळे कण कार्ब्युरेटरच्या तळाशी साचतात. पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंतचा जुना पाइप वाकवला तर हातातच चिरला. इथेनॉल सोसणारा जाड पाइप आणला. पुढेमागे कापावा लागला तर असावा म्हणून थोडा लांबच ठेवला.

फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल साठवणारी वाटी) उघडून धुतला. तळाशी चहाच्या पुडीसारखा काळा चुरा.

१९ जानेवारी

ब्रेक. चारही ड्रम काढले. पुढच्या डाव्या चाकाचा सिलिंडर घामेजलेला होता, त्याची रबरं बदलली. मास्टर सिलिंडर ज्याने ड्रायव्हरच्या पायाखाली, जमिनीच्या आत बसवला, त्याला ब्रेक ऑइलची पातळी पाहण्यासाठी गालिचा उचलणारा माणूस कधी भेटला नसावा. गालिचा काढा, झाकण शोधा, झाकणावरची धूळ आधी पुसा (नाहीतर ती सगळी आत), मग टॉर्च. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं आणि गरम झालं की त्या पाण्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, म्हणून पायाखाली पेडल मऊ लागतं. घाट आहे, म्हणून सगळं जुनं ऑइल काढून नवं भरलं. पेडल मारायला धाकटी, खाली मी. "दाब… सोड… दाब" असं दीड तास.

२५ जानेवारी

डिस्ट्रिब्युटरमध्ये (प्लगांना ठिणगी वाटून देणारा भाग) नवे पॉइंट (उघडले की ठिणगी पडते ते संपर्क), नवा कंडेन्सर. जुने चालत होते, तरी लांबचा प्रवास म्हणून बदलले. पॉइंटमधली गॅप ०.३८ मिलिमीटर, फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) दोनदा मोजली. कॅमला (फिरताना पॉइंट उघडणारा उंचवट्यांचा दांडा) ग्रीस लावायचं राहिलं, छोटी डबी सापडेना. उद्या.

२७ जानेवारी

वकिलाने हौसेने डॅशबोर्डखाली फोन चार्जिंगचं सॉकेट बसवलं. मला न विचारता. ही गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला आणि ऋण टोक वायरींना. सॉकेटचं बाहेरचं कवच बॉडीला टेकलं, म्हणजे धन. हल्लीचा प्रत्येक चार्जर धरून चालतो की कवच ऋण आणि मधली टाचणी धन. चार्जर लावला, एक बारीक 'टक्' आणि किंचित वास. फोन वाचला, चार्जर गेला. सॉकेट काढलं. रस्ता दाखवायचं काम मास्तर आणि कागदी नकाशाकडे. मास्तरांना मनातून आनंद झाला आहे, ते लपवत नाहीयेत.

१ फेब्रुवारी

चाचणी फेरी, साठ किलोमीटर, पहाटे. गाडी शिवण यंत्रासारखी चालली. मधल्या थांब्यावर चारही हबना (चाकांचे मधले भाग) हाताची पालथी बाजू लावून पाहिली. मागचं उजवं जरा जास्त गरम, म्हणजे ब्रेक शू टेकताहेत. दोन खाचा सैल केलं.

हत्यारं भरताना एक शोध: वकिलाच्या गाडीतली किट मायनरला जवळजवळ निरुपयोगी. तिथे सगळे पाने मिलिमीटरचे, इथले नट इंचांचे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, तिथे १३चा पाना लागल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की नटाच्या कडा गोल करतो. माझी इंची पेटी बरोबर. फॅन बेल्ट, रेडिएटरचे होज, तार, इन्सुलेशन टेप, पाच लिटर पाणी, जुने पॉइंट (फेकले नव्हते), क्रँक हँडल.

७ फेब्रुवारी

सकाळी सहाला निघालो. नियम ठरलेला: जुनी गाडी पुढे, वेग तिचा. मागच्याने ओव्हरटेक करायचं नाही, अंतर राखायचं, आरशात सतत दिसायचं. मायनरचा स्पीडोमीटर डॅशबोर्डच्या मधोमध आणि मैलांत, त्यामुळे वेग ड्रायव्हरपेक्षा शेजाऱ्याला नीट वाचता येतो. मास्तर दर पाच मिनिटांनी ४५ म्हणत, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. त्याच्या वर गाडी जाते, पण बोलणं ऐकू येत नाही.

वळायचं म्हटलं की दाराच्या मागच्या खांबातून पिवळा दिव्याचा हात बाहेर येतो, ट्रॅफिकेटर. १९६१पर्यंत मायनरला हेच असायचे. आज रस्त्यावर त्यांचा अर्थ कुणालाही कळत नाही. मागचे लोक हात बघून कौतुकाने हसतात आणि त्याच बाजूने पुढे घुसतात. म्हणून मी खिडकीतून हाताने इशारा केला. तोही कळला नाही, एका मुलाने मला उलट हात हलवून दाखवला.

सुमारे १४० किलोमीटरवर गाडी जड वाटायला लागली. आवाज ठीक, धूर नाही, पण चढावर चौथ्यातून तिसऱ्यात यावं लागेना असा रस्ता आता तिसरा मागायला लागला. बॉनेटमधून गरम वास. तापमानाचा काटा या गाडीला नाहीच. हीटर पूर्ण उघडला. तोही एक छोटा रेडिएटरच, इंजिनची थोडी उष्णता आपल्या पायांवर घेतो. मास्तरांनी बूट काढले.

झाडाखाली थांबलो. वकील रेडिएटरची टोपी उघडायला धावला, धाकटीने हात धरून मागे ओढला. दाबाखालचं पाणी टोपी उघडताच उकळून अंगावर येतं. आधी अर्धा तास काहीही करायचं नाही, हे पथ्य.

त्या अर्ध्या तासात मी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं आणि बघत राहिलो. पॉइंट जेमतेम उघडत होते. नव्या पॉइंटची कॅमवर घासणारी फायबरची टाच कोरड्या कॅमवर दोनशे किलोमीटरांत झिजली होती. टाच झिजली की गॅप कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात, ठिणगी उशिरा पडते. उशिराची ठिणगी म्हणजे ताकद कमी आणि उष्णता जास्त. २५ जानेवारीची नोंद काढून पाहिली. "उद्या", असं माझ्याच अक्षरात.

फिलर गेज? घरी, टेबलावर. बहुधा त्या डबीशेजारी.

इथे मास्तर कामाला आले. म्हणाले, वहीचा कागद साधारण दहाव्या भागाचा, म्हणजे ०.१ मिलिमीटरचा असतो, चार पदर घ्या. याच वहीचं एक पान फाडून दोनदा घडी घातली, चार पदर, ०.४. पॉइंट पूर्ण उघडे राहतील अशा जागी इंजिन आणलं, कागद किंचित अडकत सरकेल इतका स्क्रू आवळला. ट्रनियनच्या ग्रीसमधला हरभऱ्याएवढा गोळा कॅमला. जास्त लावला तर उडून पॉइंटवर बसतो. झाकण लावलं, सेल्फ मारला, आणि गाडी पुन्हा सकाळची.

(या वहीत ३ आणि ४ फेब्रुवारी का नाहीत असं कुणी विचारलं तर हे उत्तर. त्या पानावर फक्त कपड्यांची यादी होती.)

घाट दुपारी एकला सुरू झाला. ही आमची दुसरी चूक, पण त्या झाडाखाली दीड तास गेल्यावर इलाज नव्हता. पहिली पाच वळणं दुसऱ्या गिअरमध्ये छान. सहाव्यावर इंजिन खोकलं, एक झटका, दुसरा, आणि बंद. हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड, वकिलाची गाडी मागे दिवे लावून.

पुन्हा पॉइंट असणार म्हणून मी पाना घेतला. धाकटी म्हणाली, "थांब, चावी फक्त ऑन कर." केली. मायनरचा पेट्रोल पंप विजेचा. चावी फिरवली की 'टक टक टक' करतो, आणि कार्ब्युरेटर भरला की आपोआप गप्प बसतो. तो गप्प बसेना. घाईघाईने टकटकत राहिला. तिचं निदान: "हा पेट्रोल ढकलत नाहीये, हवा ढकलतोय." वकील म्हणाला टाकी संपली. टाकीत काठी बुडवली, अर्धी होती.

मग तिने माझ्या नव्या, लांब ठेवलेल्या पाइपावर बोट ठेवलं आणि झटक्यात काढलं. जादा लांबी खाली लोंबून थेट एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनचा तापलेला धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या वर विसावली होती. पहाटेच्या गार फेरीत याचा पत्ता लागला नाही. दुपारी, चढावर, कमी वेगात, बॉनेटखाली वारा नाही, तेव्हा पाइपातलं पेट्रोल पाइपातच उकळलं. या पंपाचा जोर बेताचाच, वाफेचा बुडबुडा त्याच्याने हलेना. यालाच व्हेपर लॉक म्हणतात, आणि मी तो स्वतःच्या हाताने, मोजून-मापून बसवला होता.

ओलं फडकं पाइपावर, बॉनेट उघडं, वीस मिनिटं. मग जादा पाइप कापला, उरलेला मॅनिफोल्डपासून दूर वळवून तारेने बांधला. चावी ऑन: टक टक टक… टक… शांत. इतकं गोड मौन फार दिवसांनी ऐकलं.

वरच्या टोकाला पोहोचेपर्यंत कुणी बोललं नाही. वर पोहोचल्यावर मास्तर म्हणाले, "तुमच्या भीतीच्या यादीत यातलं काही होतं का हो?" नव्हतं. ऑइल, गिअर, रेडिएटर, ट्रनियन, चौघेही आपापल्या जागी गुमान होते. आम्हाला दोनदा थांबवलं ते जानेवारीत मी बदललेल्या वस्तूंनी.

मुक्कामी अंधाराच्या वीस मिनिटं आधी. डायनॅमो मंद चालीत चार्ज करत नाही, त्यात दिवे लावून गर्दीतून रांगत जायचं म्हणजे बॅटरी खाणं. जमलं.

८ फेब्रुवारी

शो. पाय दुखेपर्यंत फिरलो, सगळं लिहीत नाही.

आमच्या गाडीशी सर्वात जास्त विचारला गेलेला प्रश्न: बॉनेटच्या मधोमध ही सपाट उंच पट्टी का? उत्तर सांगून घसा बसला. अ‍ॅलेक इसिगोनिसने गाडीचं रूप ठरवलं, नमुना तयार झाला, आणि त्याला ती अरुंद वाटली. त्याने नमुना लांबीत उभा कापून घेतला, दोन्ही अर्ध दूर सरकवत पाहिले आणि चार इंचांवर थांबला. ती चार इंचांची भर म्हणजे ही पट्टी. गाडी १९४८मध्ये लोकांपुढे आली आणि पुढे दहा लाखांवर खपलेली पहिली ब्रिटिश गाडी ठरली. एक आजोबा पट्टीवर वीत ठेवून खरंच चार इंच आहे का ते मोजून गेले.

पलीकडे ऑस्टिन सेव्हन. ७४७ सीसीचं इंजिन, बैठक इतकी अरुंद की दोघांनी एकाच वेळी श्वास घ्यायचा नाही. मालक हँडल मारून सुरू करत होते. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, दांड्याभोवती वेढायचा नाही, हे त्यांनी वकिलाला तीन वेळा सांगितलं. इंजिनने उलटा झटका दिला तर वेढलेला अंगठा मोडतो. कॅडिलॅकने १९१२मध्ये विजेचा सेल्फ दिला तेव्हा असे किती अंगठे वाचले असतील!

पण माझे पाय खिळले ते फोर्ड मॉडेल टीपाशी. १९०८ ते १९२७, दीड कोटीहून जास्त गाड्या. तीन पेडलं, आणि त्यांतलं एकही आपल्याला वाटतं ते काम करत नाही. डावं दाबलं की पहिला गिअर, सोडलं की दुसरा. मधलं रिव्हर्स. उजवं ब्रेक. अ‍ॅक्सिलरेटर पायाशी नाहीच, स्टिअरिंगखाली तरफ. मास्तरांना मालकांनी आत बसवलं. दहा मिनिटं पाय हलवून मास्तर म्हणाले, "हे हार्मोनियमपेक्षा अवघड आहे."

मालकांना कालची घाटातली कथा सांगितली. ते हसले. या गाडीला पेट्रोल पंपच नाही, टाकी पुढच्या सीटखाली, पेट्रोल आपल्या वजनाने खाली वाहतं. उभा चढ आला आणि टाकी कमी भरलेली असली की कार्ब्युरेटर टाकीच्या वर जातो, आणि पेट्रोल येणं बंद. मग काय करायचे? गाडी वळवायची आणि घाट रिव्हर्समध्ये चढायचा. टाकी वर, इंजिन खाली. शिवाय रिव्हर्स पहिल्यापेक्षाही ताकदीचा. वकील बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "काल आपण हे करून बघितलं असतं तर?" आमची टाकी मागे, डिकीखाली असली तरी आपला आजार वेगळा होता, हे धाकटीने त्याला जमिनीवर चित्र काढून समजावलं.

बक्षीस नाही. आमच्या वर्गातलं पहिलं एका चकचकीत गाडीला गेलं, जिचे नटसुद्धा पॉलिश केलेले होते. ती ट्रेलरवरून आली होती. मी काही बोललो नाही. मास्तर बोलले, पण ते इथे लिहीत नाही.

९ फेब्रुवारी

परत. चालवायला धाकटी. पहिल्या गिअरला सिन्क्रो (गिअरचे वेग आपोआप जुळवणारी सोय) नाही, म्हणून चालत्या गाडीत पहिला घ्यायचा तर डबल क्लच करावा लागतो, म्हणजे मध्ये न्यूट्रलला थांबून क्लच दोनदा दाबायचा. तिला तिसऱ्या प्रयत्नात जमलं, मला तीन महिने लागले होते.

घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये, पाय ब्रेकवर ठेवून बसायचं नाही. ड्रम तापला की फुगतो, शूपासून दूर जातो, वर लायनिंगची पकडही ढिली पडते, आणि पेडल खाली खाली जायला लागतं. दोनदा थांबून हबना हात लावला. ठीक.

एकही बिघाड नाही. या दिवसाबद्दल लिहायला फारसं काही नाही, हे किती बरं आहे.

१५ फेब्रुवारी

हिशेब. ऑइल तीनशे मिलिलिटर घातलं. पॉइंटची गॅप खऱ्या फिलर गेजने मोजली: ०.३६. कागदाने लावलेली ०.४ होती असं धरलं तर ग्रीस लावलेली टाच ४८० किलोमीटरांत एवढीच झिजली, आणि अजूनही मर्यादेत आहे. नाही बदलली. कागदाची घडी फिलर गेजच्या डबीत ठेवली. छोटी ग्रीसची डबीही सापडली, जिथे असायला हवी होती तिथेच होती.

पेट्रोलचा पाइप योग्य लांबीचा नवा टाकला. मॅनिफोल्डच्या बाजूने उष्णतारोधक वेष्टन, आणि दोन ठिकाणी पक्क्या क्लिपा. दुपारी, मुद्दाम दुपारी, चढावर फिरवून आणली.

पुठ्ठ्यावरचे थेंब: अकरा.

डावा ट्रॅफिकेटर आता अर्धाच बाहेर येतो. धाकटी स्क्रूड्रायव्हर घेऊन आली होती, उघडून बघू म्हणाली. मी म्हटलं, राहू दे.